दाखवायची ओळ

“बाबा, तुमची चौथी ओळ टकली का असते?”

बाबांचा घास तोंडापाशी थांबला. काकाला ठसका लागला, आणि तो खरा होता की हसू लपवायला काढलेला ते देवच जाणे. आईने पाण्याचा ग्लास काकाकडे सरकवला, पण बघत होती माझ्याकडे, जणू मी ताटांच्या मधोमध मेलेली पाल आणून ठेवली होती.

खरं सांगायचं तर प्रश्न माझा नव्हता, माझं होतं ते फक्त तोंड. मधल्या सुट्टीत शाळेच्या मागच्या भिंतीवर आम्ही तिघी बसतो, मी, चिमणी आणि दोरी. चिमणी अंगाने चिमणी आहे, आवाजाने कावळ्यांची सभा. दोरी उंच, बारीक, आणि इतकं कमी बोलते की ती बोलली की आम्ही दोघी गप्प होतो. त्या दिवशी दोरी बोलली. म्हणाली, “घरी विचारून दाखव. नाहीतर तुला जन्मभर टकली म्हणणार.”

माझ्या डोक्यावर तिघींना वाटून उरतील एवढे केस आहेत. तरी शाळेत मला टकली म्हणतात, ते आमच्या यंत्रामुळे. बाबांचं सहा ओळींचं पेरणीयंत्र माझ्यापेक्षा वयाने मोठं आहे. बाबांचा धाकटा भाऊ, म्हणजे काका, ट्रॅक्टर चालवतो, बाबा यंत्रामागून चालत नजर ठेवतात, आणि आसपासची निम्मी शेतं आम्हीच पेरतो. बियाणं उगवून वर आलं की त्या शेतांकडे बघून कुणीही सांगेल की इथे आमचं यंत्र फिरलं. पाच ओळी गच्च हिरव्या आणि चौथीत इथे एक रोप, तिथे एक रोप, मध्ये नुसती माती. दात पडलेला कंगवा फिरवावा तशी सगळी शेतं.

गेल्या वर्षी चिमणीच्या शेतात हा कंगवा फिरला होता. चिमणीची आई एकटी शेत बघते. ती वाकून वाकून, त्या टकल्या ओळींमधून एकेक दाणा बोटाने खोचत गेली, आणि त्यात तिची कंबर जी धरली ती धरलीच. आता ती म्हणत होती की या वर्षी शेवटचं. परत तसं झालं तर शेत दुसऱ्याला कसायला देऊन टाकणार आणि मोठ्या मुलीकडे शहरात जाणार. म्हणजे चिमणीही जाणार. म्हणजे भिंतीवर मी आणि दोरी, आणि दोरी तर बोलतच नाही.

शनिवारी चिमणीकडे पेरणी होती. यंत्र आमचंच.

म्हणून विचारलं. मागच्या वर्षीची मी असते तर विचारलं नसतं. मागच्या वर्षीपर्यंत मला वर्गात उत्तर येत असलं तरी मी ते शेजारणीच्या कानात सांगायचे आणि शाबासकी ती खायची. या वर्षी माझा घसा सुटला. कसा सुटला ते मलाही माहीत नाही, पण नळात हवा अडकलेली असते आणि मग एकदम फसाफस पाणी येतं ना, तसं झालंय, आणि घरच्यांच्या बादल्या पुरत नाहीयेत.

बाबांनी घास खाल्ला, चावला, गिळला. मग म्हणाले, “चौथी ट्रॅक्टरच्या चाकामागे येते. माती दबते.”

“मग तिसरी? ट्रॅक्टरला मागे एकच चाक असतं का?”

काकाला दुसरा ठसका लागला.

“जमीन-जमिनीत फरक असतो,” बाबा म्हणाले.

“तो फरक प्रत्येक शेतात बरोबर चौथीतच कसा जाऊन बसतो?”

“जेवताना माती उकरायची नाही,” आई म्हणाली.

बाबांनी ताटातला चमचा उचलून पुन्हा ताटाच्या कडेला अगदी समांतर ठेवला. ते चिडले की वस्तू सरळ करतात. खरं म्हणजे ते चिडले नसले तरी करतात. आमच्या दारातल्या चपला कवायतीला उभ्या असल्यासारख्या असतात. वाळत घातलेले टॉवेल खालून एका रेषेत. बाथरूममध्ये चार टूथब्रश एका ओळीत, सगळ्यांची तोंडं डावीकडे, आणि त्यातला बाबांचा ब्रश इतका जुना की त्याचे केस चहूबाजूंनी फिस्कारलेत आणि मुळाशी काहीतरी पिवळं साठलंय. पण ओळ सरळ आहे ना, मग झालं.

“एवढा कळवळा आलाय यंत्राचा,” बाबा म्हणाले, “तर उद्या सुट्टी आहे. साफ कर. पेट्या, तवे, चाकं, सगळं.”

“करते,” मी म्हटलं. तोंड सुटलं की असं होतं.

दुसऱ्या दिवशी शेडचं दार सरकवलं आणि पहिला वास आला. वर्षभर बंद असलेल्या यंत्राला वास असतो. कुजलेलं बियाणं, जुनं ग्रीस आणि उंदराचं मूत यांचं मिश्रण करून ते उन्हात झाकून ठेवलं तर कसं होईल, तसा. मी नाकाला ओढणी बांधली. चिमणी सोबतीला आली होती. ती एका उलट्या डब्यावर बसली आणि म्हणाली, “मी फक्त बघणार. मला पाहुणी समज.”

“पाहुणीला चहा नाही मिळणार.”

“या वासात चहा? शी.”

प्रत्येक ओळीला वर एक बियाण्याची पेटी असते. पहिल्या पेटीचं झाकण उघडलं तर तळाशी गुलाबी रंगाची चिकट पोळी जमली होती. बियाण्याला औषध लावलेलं असतं, त्याचा तो रंग. गेल्या वर्षी पेरून उरलेलं कुणी काढलं नव्हतं, ते ओल धरून फुगलं, मोड आले, आणि मग ते मोडही सडले. मी चमच्याने खरवडलं. चक्क तार निघाली, चीजसारखी. मला उमासा आला आणि चिमणीने कौतुकाने मान हलवली.

“दोन नंबर उघड,” ती म्हणाली. “मला आवडायला लागलंय.”

दुसरीत काही नव्हतं. दुसरी स्वच्छ होती, पुसल्यासारखी. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. तिसरीत कोळ्याची जाळी. पाचवीत उंदराचं घरटं होतं, कापूस आणि बाबांच्या हरवलेल्या मोज्याच्या धाग्यांनी विणलेलं, आणि घरटं बांधणारा त्यातच वाळून चपटा झाला होता, शेपटीसकट, पापडासारखा. मी तो चिमट्याने उचलून चिमणीच्या दिशेने नेला. पाहुणी डब्यासकट उलटी झाली.

मग खाली वाकून तवे. तवे म्हणजे प्रत्येक ओळीच्या खाली पातळ धारेच्या दोन गोल लोखंडी चकत्या असतात, तिरक्या जोडलेल्या. त्या माती चिरत जातात आणि त्या चिरेत दाणा पडतो. त्यांच्या दोन्ही बाजूंना रबराची चाकं असतात. चाकं मातीवर चालतात आणि तव्यांना सांगतात, बास, इथपर्यंतच, याच्या खाली जायचं नाही. चाकं किती वर राहणार ते मागच्या एका दांड्याने ठरतं. दांडा खाचांमध्ये अडकवायचा. खाली नेला की दाणा खोल, वर नेला की उथळ. बाबांनी प्रत्येक ओळीच्या एका खाचेला लाल रंग लावून ठेवलाय. सोयाबीनसाठी सहाही दांडे लाल खाचेत. हा आमच्या घरातला नियम मला अक्षरं शिकायच्या आधीपासून पाठ आहे.

तव्यांवर माती आणि ग्रीसचा काळा खरवडा बसला होता, त्यात केस अडकलेले. कुणाचे केस, कुत्र्याचे की काकाचे, विचारू नका. मी तारेच्या ब्रशने घासत होते. घासताना तवा हलू नये म्हणून डावा हात मधल्या नटावर आणि बोटं ताणून कडेपर्यंत, अशी वीत धरायचे. पहिला तवा, वीत पुरली. दुसऱ्या ओळीचे, पुरली. तिसरी, पुरली. चौथीला करंगळी कडेपर्यंत पोचेना.

मी परत धरलं. पोचेना.

“चिमणे, इकडे ये.”

“पाहुणी आहे मी.”

“तुझं शेत आहे ना? ये.”

तिने नाक दाबून तिचा हात लावला. तिचा पंजा लहान, तो कुठेच पुरत नव्हता, पण चौथीत जास्त कमी पडला. दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

मला आठवलं. बरीच वर्षं झाली, कुणाच्या तरी शेतात दगड लागून चौथीचे दोन्ही तवे फुटले होते. बाबांनी नवे आणून लावले आणि आल्यागेल्याला दाखवायचे, बघा, नवे कोरे. बाकी पाच ओळींचे तवे तेव्हाच जुने होते, माती खाऊन खाऊन झिजलेले, कडेने बारीक होत गेलेले. नवे मात्र अख्ख्या आकाराचे. दांडा लाल खाचेतच. म्हणजे चाकं तेवढीच वर, आणि तवा मोठा. मग तो आणखी खोल जाणार नाही तर काय करणार? आणि तेवढ्या खोलातून रोप वर येणार कसं?

“म्हणजे आमची ओळ नव्यामुळे मेली?” चिमणी म्हणाली.

“थांब. अजून नुसता संशय आहे.”

शेडच्या कोपऱ्यात बाथरूमच्या उरलेल्या फरशा पडल्या होत्या, पिवळ्या फुलांच्या, आईला आवडत नाहीत म्हणून उरलेल्या. एकेक फरशी साधारण एक सेंटिमीटर जाड. सोयाबीन तीन सेंटिमीटरवर पेरायचं, म्हणजे तीन फरशा. मी काकाला हाक मारली. काका ट्रॅक्टर लावून आला आणि आधीच म्हणाला, “मी फक्त वर-खाली करणार. काय चाललंय ते मला सांगू नकोस. मला दादाशी बोलावं लागतं.”

“तू दादाला घाबरतोस.”

“तो माझ्या चपलासुद्धा सरळ करतो, ताई. माणूस घाबरणारच.”

त्याने यंत्र उचललं. मी प्रत्येक चाकाखाली तीन-तीन फरशा रचल्या, सगळे दांडे लाल खाचेत आहेत ना बघितलं, आणि काकाने यंत्र सिमेंटच्या जमिनीवर अलगद उतरवलं. मग मी ओळीने बसून फरशा ओढून बघितल्या. पहिलीच्या घट्ट. चाक फरशीवर बसलं होतं आणि तव्याची धार जमिनीला नुसती टेकली होती, बरोबर तीन फरशांएवढी खोली. दुसरीच्या घट्ट. तिसरीच्या घट्ट. पाचवी, सहावी, घट्ट. चौथीची फरशी बोटाने ढकलली तर सरकून बाहेर आली. ती ओळ तव्यांवर उभी होती आणि तिची चाकं हवेत होती.

फटीत आणखी एक फरशी गेली. आणि तिच्यावर माझी करंगळीही.

“हे तर,” काका म्हणाला आणि थांबला. मग टोपी काढून डोकं खाजवलं. “मला सांगू नकोस म्हटलं होतं मी.”

मी चौथीचा दांडा एक खाच वर घेतला. फरशी अजून हलत होती. आणखी एक खाच. यंत्र परत वर, परत खाली. आता तीन फरशा घट्ट. दोन खाचा. एवढ्यासाठी इतकी वर्षं लोक वाकून वाकून दाणे खोचत होते. मला आनंद झालाच, मी उड्याही मारल्या, ग्रीसच्या हाताने चिमणीला मिठी मारली आणि ती किंचाळली. पण मग चिमणीच्या आईची कंबर आठवली आणि उड्या थांबल्या.

बाबा दुपारी आले. मी त्यांना सगळं करून दाखवलं, वीत, फरशा, दोन खाचा. ते उकिडवे बसले. प्रत्येक फरशी स्वतः ओढून बघितली. बराच वेळ चौथीच्या तव्याच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

“हात चांगला चालतो तुझा,” ते म्हणाले.

बस्स एवढंच. पण बाबांकडून हे म्हणजे हार-तुरे. मी घरी जाताना जमिनीपासून चार बोटं वरून चालत होते. आईला सांगितलं तेव्हा ती भांडी पुसत होती, तिने पुसणं थांबवलं नाही. “बरं झालं,” म्हणाली. “आता शनिवारी गप्प बस.”

मला कळलं नाही, चूक सापडली म्हटल्यावर गप्प कशाला बसायचं. तिच्या आवाजात काळजी होती की ताकीद, तेही कळलं नाही.

शनिवारी ऊन चांगलं होतं. माती भुसभुशीत, अंगठ्याने दाबली तर ठसा राहील अशी. मी बाबांबरोबर यंत्रामागे चालायला आले होते, पहिल्यांदाच, शाळेची पट्टी खिशात घालून. चिमणी आणि तिची आई बांधावर उभ्या. चिमणीच्या आईचा एक हात कंबरेवर होता, तो तिथून हलतच नाही आता, जणू तिथेच उगवलाय.

काकाने यंत्र आणलं, वळवलं, उतरवलं. मी मागून दांड्यांकडे बघितलं.

सहाही दांडे एका रेषेत. लाल, लाल, लाल, लाल, लाल, लाल.

मला वाटलं मी चुकतेय. जवळ जाऊन बघितलं. चौथीचा दांडा दोन खाचा खाली आला होता. त्याच्यावरचं माझं ग्रीसचं बोटही कुणीतरी पुसून काढलं होतं, स्वच्छ फडक्याने.

“बाबा, चौथीचा दांडा.”

“माहीत आहे.” ते हळू बोलले, ओठ न हलवता. “इथे नको.”

“पण तुम्ही स्वतः बघितलंत.”

“पाच सरळ आणि एक वाकडा दिसला की मालक म्हणतो यंत्र बिघडलंय. प्रत्येकाला फरशा दाखवत बसू का? एका ओळीने कुणी मरत नाही.”

मग त्यांनी हात वर केला आणि काका निघाला. मी मागे चालत राहिले. पायच चालत होते माझे, मी नव्हते त्यात. माती चिरली जात होती, दाणे पडत होते, मागची छोटी चाकं चीर बुजवत होती, सगळं कसं नेटकं. चौथीवरही तेवढंच नेटकं. वरून काही दिसत नाही, हीच तर त्यातली किळस. पेटीतला उंदीर निदान वास मारत होता.

थोडं अंतर गेल्यावर बाबांनी हात दाखवून ट्रॅक्टर थांबवला आणि चिमणीच्या आईला हाक मारली, “या, खोली बघून घ्या. नंतर म्हणू नका दाखवली नाही.”

ती आली, कंबर सांभाळत, तिच्या मागे चिमणी. आणि नेमकं त्याच वेळी बांधाकडून आई आली, थर्मास आणि कप घेऊन.

आई दरवर्षी पेरणीला थर्मास घेऊन जाते हे मला माहीत होतं. मला ते माया वाटायचं. आज पहिल्यांदा मी ते मागून बघत होते. बाबा दुसऱ्या ओळीपाशी बसले. बोटाने माती बाजूला केली, एकदा, दोनदा, आणि गुलाबी दाणा वर आला. बरोबर जागेवर. मी न मोजताही सांगितलं असतं, तीन. चिमणीच्या आईने मान हलवली, आणि तिची नजर पुढे सरकायला लागली, तिसरीकडे, चौथीकडे, आणि तेवढ्यात आई मध्ये आली. “घ्या हो, गरम आहे. कंबर काय म्हणते तुमची?” असं विचारत, कप पुढे करत, अशी उभी राहिली की तिच्या पलीकडचं काही दिसूच नये.

आणि मला पेटी आठवली. दुसरीची पेटी, पुसल्यासारखी स्वच्छ. दरवर्षी बाबा तीच पुसत असणार, तिचेच तवे घासत असणार. लोकांच्या घरात दाखवायची एक खोली असते, उशा फुगवलेली, आणि बाकी घरात पसारा. आमच्या यंत्राला दाखवायची ओळ होती. आणि आई त्या खोलीचं दार धरून उभी असायची, थर्मास घेऊन.

बाबांनी औषध लावलेला तो दाणा अंगठ्याखाली चोळला, हात शर्टाला पुसला आणि त्याच गुलाबी बोटांनी कप धरून चहाचा घोट घेतला. त्या कपाकडे मला बघवेना. पाचवीतल्या उंदराकडे मी बघू शकले होते.

“चौथी पण बघा,” मी म्हटलं.

“कप घे गं,” आई म्हणाली.

“नको. मावशी, चौथी बघा.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर सोपं गेलं असतं. ते हातातला रिकामा कप दुसऱ्या कपाच्या अगदी रेषेत ठेवत होते, मातीवर, जिथे काहीच सरळ नसतं, आणि तो पुन्हा पुन्हा कलंडत होता.

मी चौथीवर गुडघे टेकले. खिशातून पट्टी काढून उकरायला लागले. तीन सेंटिमीटरवर माती. चारवर माती. चिमणी माझ्या शेजारी येऊन बसली, पाहुणी नव्हती आता, दोन्ही हातांनी माती बाजूला करत. पाचच्या जवळ दाणा सापडला, ओल्या, गार मातीत, गुलाबी. मी पट्टी तशीच उभी धरली. चिमणीच्या आईने वाकायचा प्रयत्न केला, कंबरेने वाकू दिलं नाही, म्हणून मी दाणा आणि पट्टी तिच्या हातात दिली.

तिने पट्टीवरच्या रेघा नखाने मोजल्या.

“म्हणजे माझ्या जमिनीत काही नाहीये,” ती म्हणाली. “मला वाटायचं जमीन खराब झाली.”

काका ट्रॅक्टरवर पाठ करून बसला होता आणि त्याची पाठसुद्धा ऐकत होती.

“भाऊ,” ती बाबांना म्हणाली, “तुम्हाला माहीत होतं?”

“परवापासून,” बाबा म्हणाले. मग कलंडलेला कप तसाच सोडून, “कारण परवा कळलं. ओळ वाईट येते हे आधीपासून.”

“आणि वहिनी, तुम्ही चहा आणता तो?”

आईने थर्मासचं झाकण लावलं. ते नीट बसलं नव्हतं, तिने परत काढून परत लावलं. “तो चहा चांगला असतो,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका बारीक झाला की मला तिची दया आली, आणि दया आली याचाही राग आला.

मी उठले. गुडघ्यांवर माती, बोटं गुलाबी, त्यांना तो औषधाचा कडवट वास. यंत्रापाशी गेले आणि चौथीचा दांडा उचलला. एक खाच, दुसरी खाच. आता तो बाकी पाचांपेक्षा वर दिसत होता, वर्गात एकटीनेच हात वर केल्यासारखा. बाबांचा हात नकळत पुढे आला तो सरळ करायला. मग त्यांनीच तो मागे घेतला आणि शर्टाच्या खिशात घातला.

“काका, मागे घे. जेवढं पेरलं त्यातली चौथी परत टाकायची, बाकीच्या पेट्या बंद करून.”

काकाने दादाकडे बघितलं. दादांचा हात खिशातच राहिला. काकाने गिअर टाकला.

“आई, बाबा,” मी म्हटलं, आणि आवाज मोठा करावाच लागला, ट्रॅक्टर सुरू झाला होता. “मी ठरवलंय. या हंगामात प्रत्येक शेतात मी यंत्रामागे येणार, आणि मालक बघायला आला की सहाही ओळी मी उकरणार, मालकासमोर, या पट्टीने. पाच बरोबर निघाल्या आणि एक नाही, तर तीही दाखवणार. बाबा, तुम्हाला दांडे सरळ रेषेत हवेत तर बाकी पाचांना नवे तवे लावा, नाहीतर चौथीचा असाच वर राहील, कितीही वाकडा दिसला तरी. आणि आई, तू चहा आण. पण उकरून झाल्यावर.”